नाक मोकळं होईपर्यंत

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी जळगावला आमच्याकडे आली, तेव्हा कार्तिक महिना लागला होता. घरात आम्ही दोघंच असायचो, मी आणि नाना, म्हणजे आमचे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्न मोडलं आणि मी माहेरी आले, त्यालाही पुष्कळ काळ लोटला होता. मी घरीच ब्लाउज शिवायची. नाना कापसाच्या जिनिंग गिरणीतून निवृत्त झालेले. दिवसभर दाराबाहेरच्या ओट्यावर बसून पेपर वाचायचे आणि बिड्या ओढायचे.

बहिणीला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर तिला ताप भरला. तो उतरायचा, पुन्हा चढायचा. मग आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथून ती परत आली नाही. सव्वा महिनाही पुरा झाला नव्हता. बारसं ती बरी झाली की करू म्हणून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. पोराला नाव नव्हतं. आम्ही त्याला नुसतं बाळ म्हणायचो.

तिचं सासर चाळीसगावच्या पुढे एका खेड्यात. घरची कापसाची शेती. दहाव्याला सगळे जमले तेव्हा बाळाचं काय करायचं हा विषय निघाला. माझे मेहुणे, म्हणजे बाळाचे वडील, भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं की ते आईकडे बघायचे. त्यांची आई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, शेवटी त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "आते वावरमा कापूस शे. वेचनी उरकू द्या. संक्रांत झायी की लई जासू."

नाना म्हणाले, "तुमचंच आहे अक्का. तुम्ही म्हणाल तसं."

पोर त्यांचंच होतं. माझ्या मांडीवर ते संक्रांतीपर्यंत होतं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं. बाळाला मी टोपी, मोजे, दोन-दोन झबली घालायची, तरी एका सकाळी ते शिंकलं. एवढ्याशा जीवाची शिंक ऐकून नाना हसले. बहीण गेल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. "बघ, म्हातार्‍यासारखा शिंकतो," म्हणाले. दुपारपर्यंत आणखी शिंका आल्या. दुसर्‍या दिवशी त्याचं नाक वाजायला लागलं.

लहान मुलाचं नाक बंद होतं म्हणजे काय होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, नाक बंद झालं तर तोंडानं श्वास घेईल. पण त्याला ते येत नव्हतं. बाटली तोंडात दिली की तो भुकेनं ओढायचा, दोन घोट घ्यायचा आणि मग त्याचा श्वास अडायचा. बाटली सोडून तो लालभडक होऊन रडायचा. रडताना तोंड उघडायचं तेव्हा श्वास मिळायचा. जरा शांत झाला की पुन्हा भूक. पुन्हा बाटली, पुन्हा दोन घोट, पुन्हा रडणं. शेवटी तो थकून झोपून जायचा, भुकेलाच. झोपेत नाकातून आवाज यायचा, उसाच्या रसवंतीत शेवटचं चिपाड दाबतात तसा घरघर करणारा. मी त्याला छातीशी घेऊन भिंतीला टेकून बसायची, कारण आडवा केला की आवाज वाढायचा.

शेजारच्या वहिनी रोज डोकावायच्या. त्यांनी आमच्याकडचं सगळं पाहिलं होतं. दवाखान्यात डबा त्यांनीच पोचवला होता. त्या दिवशी आल्या, बाळाच्या नाकाचा आवाज ऐकला आणि पटकन म्हणाल्या, "अगं, काही नाही, आईचं दूध दोन थेंब नाकात टाक. लगेच मोकळं होतं. आमच्या सगळ्यांना..."

आणि त्या थांबल्या. ओढणीचं टोक तोंडावर धरून तशाच उभ्या राहिल्या. मी बाळाकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं, चालतं वहिनी, असू द्या, असं काहीतरी. त्या गेल्यावर मला आठवलं की बहिणीला शेवटी शेवटी पान्हा दाटायचा, आणि औषधं जोरात सुरू होती म्हणून ते दूध पिळून टाकून द्यावं लागायचं. ते भांडं मीच न्हाणीत रिकामं करायची.

मग मी बाळाला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. नाना बरोबर आले. थंडीमुळे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपलं पोर शालीत गुंडाळून बसलेला. जिथं तिथं खोकणं, रडणं. आमच्या शेजारी एक बाई पहूरहून आली होती. तिच्या पोराला पाळण्यातल्या खेळण्यासारखा बारीक घुंगराचा करदोटा होता, तो सारखा वाजत होता. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "पहिलंच का?" मी मान हलवली. हो म्हटलं असं तिला वाटलं असेल.

डॉक्टर तरुण होते, पण थकलेले दिसत होते. त्यांनी बाळाची छाती दोन्ही बाजूंनी ऐकली, कान बघितले, झबलं वर करून श्वास घेताना बरगड्या कशा हलतात ते पाहत राहिले.

"छाती साफ आहे," ते म्हणाले. "नुसती सर्दी आहे. या वयाची मुलं नाकानंच श्वास घेतात, म्हणून एवढा त्रास दिसतो. दूध कोण पाजतं? आई कुठं आहे?"

नाना म्हणाले, "आई नाही त्याला."

डॉक्टरांचा हात लिहिता लिहिता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी मावशी," मी म्हणाले.

"बरं. मग तुम्हीच नीट ऐका." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. बाहेर एवढी गर्दी असताना त्यांनी मला सावकाश समजावून सांगितलं. सर्दीचं औषध या वयात द्यायचं नाही. मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात मेडिकलमध्ये, तेवढेच. पाजायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत टाकायचे, थोडं थांबायचं, मग मऊ कापडाच्या टोकानं किंवा रबराच्या फुग्यानं हलकेच बाहेर काढायचं. काडी आत घालायची नाही. थोडं थोडं दूध, पण पुन्हा पुन्हा. पाजून झालं की उभं धरायचं.

"आणि तेल नाही," ते म्हणाले. "नाकात तर बिलकूल नाही. बाम नाही, धुरी नाही, गरम पाण्याच्या पातेल्यावर धरणं नाही. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का?"

नाना दाराकडे बघायला लागले.

"मी ओट्यावर ओढतो," ते म्हणाले.

"ओट्यावरूनही येतो धूर. आणि कपड्याला वास राहतो." डॉक्टरांनी मग मला विचारलं, "घरात धूळ? पिठाची गिरणी वगैरे?"

"शिलाईकाम करते मी. मशीन आहे."

"मशीन बाळाच्या खोलीत?"

आमच्याकडे खोली म्हणजे एकच, आणि मागे स्वयंपाकघर. मी हो म्हणाले.

"काही दिवस बंद ठेवा. कापडाचे तंतू उडतात." मग उठता उठता त्यांनी बजावलं, "दूध अजिबात घेईना, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ निळसर दिसले, तर वाट बघायची नाही. सरळ घेऊन यायचं."

घरी आल्यावर नानांनी आणि मी मिळून मशीन ओट्यावर नेलं. वर जुनी चादर टाकली. लग्नसराईचे ब्लाउज तसेच पडले होते, ते मी वहिनींकडे ठेवायला दिले. नाना त्यानंतर बिडी ओढायला गल्लीच्या टोकाला, नळाच्या टाकीपाशी जायला लागले. थंडीत, मफलर गुंडाळून. परत आले की हातपाय धुऊन सदरा बदलायचे आणि मगच खोलीत यायचे. कधी कधी ते बराच वेळ यायचेच नाहीत. एकदा मी दाराशी जाऊन बघितलं, तर ते टाकीला टेकून नुसते उभे होते. हातात बिडी नव्हती.

थेंबांची बाटली लहान होती, नखाएवढं तोंड. पहिल्यांदा टाकताना नानांनी बाळाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. मी बाटली नाकपुडीशी नेली आणि दाबली, तर थेंब गालावर पडला. दुसरा ओठावर. तिसरा आत गेला आणि बाळ दचकलं. त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात मागे आला. मग ते जे रडायला लागलं, ते अंग काळंनिळं होईपर्यंत.

"अगं, दुसरीकडे टाक पटकन," नाना म्हणाले. "अर्धवट नको ठेवू."

मी टाकला. मग थांबले. रबराचा फुगा दाबून नाकपुडीशी लावला आणि हळूच सोडला. काहीच आलं नाही. पुन्हा केलं. तेव्हा दाट, पिवळसर शेंबडाची एक तार निघाली, एवढ्याशा नाकात ती मावली कशी असं वाटावं इतकी लांब. नाना म्हणाले, "आलं, आलं." बाळ हुंदके देत थांबलं. मी बाटली तोंडात दिली. त्यानं ओढायला सुरुवात केली आणि थांबला नाही. नाकातून हवा आत जात होती, तो आवाज मला ऐकू येत होता. अर्धी बाटली त्यानं एका दमात संपवली.

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता.

"ती असती तर..." ते म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. तिथून भांड्यांचा उगाच आवाज यायला लागला.

पण सर्दी एका तारेनं जात नाही. थोड्या वेळानं नाक पुन्हा भरायचं. प्रत्येक वेळी दूध पाजायच्या आधी तेच. बाळाला बाटली ओळखू यायला लागली. थेंबांची बाटली हातात घेतली की ते मान फिरवायचं, ओठ काढायचं. दिवसभर जिच्या अंगाला चिकटून राहायचं, तीच बाई त्याला त्रास द्यायची, आणि पुन्हा तिच्याशिवाय त्याला दुसरं कुणी नव्हतं. रडून झालं की ते माझ्याच खांद्यात तोंड खुपसायचं. माझ्या पदराला, ब्लाउजला, मानेला त्याचा शेंबूड वाळलेला असायचा. मला धुवावंसं वाटायचं नाही.

एका दुपारी त्यानं काहीच घेतलं नाही. थेंब टाकले, नाक साफ केलं, तरी बाटली तोंडात घेईना. मी झबलं वर केलं आणि डॉक्टरांनी दाखवलं तसं बरगड्यांकडे पाहत बसले. श्वास जलद वाटत होता. बरगड्या आत जात होत्या की मला तसं दिसत होतं, कळेना. मला दवाखान्यातली ती दुसरी छाती दिसायला लागली, बहिणीची, शेवटच्या दिवशीची. नाना रिक्षा आणायला धावले. दवाखान्यात पोचलो तोवर बाळ माझ्या अंगावर झोपून गेलं होतं. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "थकलाय. छाती अजून साफ आहे. तुम्ही बरोबर आणलंत." मी तिथल्या बाकावर बसले. परिचारिकेनं पाणी दिलं. नानांनी बाळाला माझ्याकडून घेतलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की माझी बोटं शालीत अडकून वळली होती, ती सोडवावी लागली.

अक्का आल्या त्या त्यानंतर. नानांनी फोनवर बाळाच्या सर्दीचं सांगितलं होतं, आणि अक्का दुसर्‍याच दिवशी चाळीसगावहून गाडीनं आल्या, एकट्याच. दुपारची वेळ होती. हातात पिशवी, डोक्यावरून घट्ट पदर. त्या आत आल्या आणि चपला काढता काढताच म्हणाल्या, "कशी शे तब्येत? दूध पेस का?"

"थोडं थोडं घेतो," मी म्हणाले.

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. नाकाचा आवाज ऐकला. मग पिशवीतून एक छोटी बाटली काढून उघडली. लसूण आणि ओवा घालून कढवलेलं तेल होतं. ओव्याची पुरचुंडीही होती.

"हाई तेल लई उनू मी. दोन थेंब टाकसू, मोकळं हुई जाई."

मी पुढे झाले. "अक्का, नाकात नका टाकू. डॉक्टरांनी नाही सांगितलंय. तेल आत छातीत उतरतं."

"डॉक्टर काल उना," त्या म्हणाल्या. "मी चार लेकरं मोठा करात. बठ्ठास्ना नाकमा तेल टाकं. कोन मरी गयं?"

बोलल्या आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. भिंतीवर बहिणीचा फोटो होता, त्याला घातलेला हार सुकलेला. आम्ही दोघींनीही तिकडे पाहिलं नाही. बाळाचा घरघर आवाज तेवढा येत होता.

अक्कांनी बाटलीचं झाकण लावलं. त्यांनी ते सावकाश, नीट फिरवून लावलं.

"मना नातू शे हाऊ," त्या हळू म्हणाल्या. "माले त्याना काही वाईट करनं नही."

"मला माहितीये अक्का."

"तू टाक मग तुन्हं औषध. मी धरस."

त्यांनी बाळाचं डोकं धरलं. नाना धरायचे त्यापेक्षा कितीतरी सहज, एका हातात मान आणि दुसर्‍या हाताच्या बोटांत कपाळ. बाळ फारसं हललंही नाही. मी थेंब टाकले. थांबले. फुगा लावला. अक्का बाळाच्या तोंडाजवळ वाकून एक सूर धरून गुणगुणत होत्या, शब्द नसलेलं काहीतरी. साफ झालं, तसं त्यांनीच दुधाची बाटली मागून घेतली आणि पाजली. पाजून झाल्यावर त्याला खांद्यावर उभा धरला आणि तशाच खोलीत फेर्‍या मारायला लागल्या. त्यांचे गुडघे दुखत होते. प्रत्येक वळणाला भिंतीचा आधार घ्यायच्या. मी म्हणाले, "बसा ना अक्का." त्या म्हणाल्या, "बसनू की याना आवाज वाढस."

तेल त्यांनी नंतर त्याच्या तळपायांना लावलं. त्याला मी काही म्हटलं नाही. लसणाचा वास खोलीत भरून राहिला. आमची आई असती तर तिनंही हेच तेल आणलं असतं.

संध्याकाळी चहा झाल्यावर अक्का माझ्याजवळ सरकून बसल्या. बाळ माझ्या मांडीवर होतं.

"माले शिकाड," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हाई. थेंब टाकनं. तठे मालेच करनं पडी ना. दुसरं कोन शे?" त्यांनी बाटली उचलून डोळ्यांजवळ धरली. "माले बारीक दिसत नही. मना हात बी कापस."

माझ्या मनात आलं की शिकवू नये. हे मला स्वच्छ आठवतं. त्यांचे हात कापत होते, त्यांना दिसत नव्हतं, खेड्यात दवाखाना लांब, कापसाची वेचणी चालू, घरात दिवसभर कुणी नाही. नाना खुर्चीवर होते. ते माझ्याकडे बघत होते.

मग मी त्यांना सांगितलं, "चष्मा लावा आधी. आणि बाटली बोटांत नाही, मुठीत धरा. करंगळी त्याच्या गालावर टेकवा. म्हणजे हात हलला तरी गालाबरोबर हलेल."

"अशी?"

"थोडी खाली. हां. आता हलकं दाबा."

पहिला थेंब बाहेर पडला. दुसरा आत गेला. बाळ रडलं आणि अक्काही रडायला लागल्या, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. मला वाटलं थेंबामुळे घाबरल्या. तर त्या म्हणाल्या, "ती उनी व्हती ना मना घर लगीन करीसन, तवय तिले सैपाक बी येत नव्हता. मीच शिकाडं तिले बठ्ठं. आते तू माले शिकाडस. काय हाई उलटं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बहीण गेल्यापासून मी कुणाच्याही अंगाला असा हात लावला नव्हता, बाळ सोडून.

अक्का चार-पाच दिवस राहिल्या. आम्ही दोघी आळीपाळीनं बाळाला उभं धरायचो. त्या भाकरी थापायच्या, मी नाक साफ करायची. मग त्या साफ करायच्या आणि मी बघायची. हळूहळू शेंबूड पातळ झाला, मग वाळून खपल्या धरायला लागल्या. अक्का ओल्या कापडानं त्या मऊ करून टिपायच्या. एका सकाळी बाळानं आख्खी बाटली न थांबता संपवली. थेंब न टाकता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. अक्का म्हणाल्या, "झायं मोकळं."

मी हो म्हणाले आणि बाटली धुवायला आत गेले. नळ सोडला. पाणी गार होतं. हात बधिर होईपर्यंत मी ती बाटली धूत राहिले.

संक्रांतीनंतर मेहुणे आले. कुणाची तरी जीप घेऊन. मी बाळाचे कपडे धुऊन, घड्या घालून ठेवले होते. मेहुण्यांनी बाळाला घेतलं. त्यांना धरता येत नव्हतं, हात कसेतरी वाकडे झाले होते. बाळ त्यांच्या मिशीकडे टक लावून बघत होतं. त्याची आई होती तेव्हाही त्यांनी त्याला क्वचितच घेतलं असेल.

"ताई," ते मला म्हणाले. त्यांच्याहून मी मोठी, म्हणून ते मला ताई म्हणत. "काय बोलू?"

"काही नका बोलू. मान धरा त्याची."

जीप गेली. नाना ओट्यावर उभे राहिले. मी आत आले तर पाळण्याची दोरी अजून जराशी हलत होती. मघाशी मीच त्याला शेवटचा झोका दिला होता.

पहिले काही दिवस अक्का रोज फोन करायच्या. दूध प्यायला, झोपला, हसला. फाल्गुनात त्याला पुन्हा सर्दी झाली, तेव्हा त्यांनी पुतणीकडून मोबाइलवर मला दाखवलं. त्या थेंब टाकत होत्या. मूठ बरोबर धरली होती, करंगळी गालावर. मी म्हणाले, "छान अक्का." त्या म्हणाल्या, "मी करस ना, चिंता नको करू." मग फोन कमी होत गेले. मी स्वतःहून करायची, पण रोज काय विचारायचं? त्यांची कामं असायची. मला वाटायचं, माझा फोन आला की त्यांना ओझं होत असेल. मग मीही आवरतं घेतलं. बारसं त्यांनी तिकडेच उरकलं. नाव काय ठेवलं ते नानांना फोनवर कळलं. आम्ही घरात ते नाव कधी उच्चारलं नाही. आमच्यासाठी तो बाळच होता.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. बहिणीची घागर तिच्या सासरी भरायची होती. सासरी गेलेली मुलगी मेल्यावरही तिथलीच. अक्कांनी फोन करून आम्हाला बोलावलं.

आम्ही सकाळच्या गाडीनं चाळीसगावला आणि तिथून काळीपिवळी जीपनं खेड्यात गेलो. ऊन रणरणत होतं. घरात ओसरीवर घागर मांडली होती. वर खरबूज, बाजूला आंबे, आमरस आणि खापरावरचे मांडे. शेजारच्या आवारात कडुलिंबाला झोका बांधलेला होता आणि माहेरवाशिणी गात होत्या. त्यातल्या काही माझ्या बहिणीबरोबर मागच्या वर्षी याच झोक्यावर बसल्या असतील. त्या आखाजीला आमच्याकडे यायच्या आधी ती दोन दिवस इथंच थांबली होती, असं तिनं मला सांगितलं होतं.

पूजा झाली. मेहुण्यांनी पाणी सोडलं. नानांनी घागरीसमोर हात जोडले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग अक्का आतून बाळाला घेऊन आल्या. केवढा वाढला होता. दोन दात दिसत होते. काजळ, गळ्यात काळा दोरा, अंगावर नवं झबलं. मी हात पुढे केले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. भुवया आक्रसल्या. मग ओठ काढला आणि अक्कांच्या मानेला मिठी मारून रडायला लागला.

"अरे मावशी शे ती," अक्का म्हणाल्या. "जाय ना तिनाकडे. जाय." त्यांनी त्याला माझ्या हातात द्यायचा प्रयत्न केला. तो कडक झाला, पाठ ताठ केली, गळा काढला. अक्का कानकोंड्या झाल्या. "नवं माणूस दिसनं की रडस तो. आठे बी बठ्ठासले रडस."

"राहू द्या अक्का," मी म्हणाले. "तुमच्याकडेच राहू द्या."

तो अक्कांच्या खांद्यावरून माझ्याकडे चोरून बघत होता आणि मी बघितलं की तोंड फिरवत होता. त्याचं नाक स्वच्छ होतं. श्वास शांत होता. त्याला मी नको होते, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. खरं तर तेच बरं होतं. एवढ्याशा पोराला एक माणूस आपलं वाटत होतं, ते त्याच्या घरातच होतं.

जेवणं झाल्यावर अक्कांनी मला मागच्या दारी नेलं. गोठ्याच्या सावलीत उभ्या राहून म्हणाल्या, "मना पोर्‍यासाठे पोरगी पाहेल शे. धुयेकडली. ज्येष्ठमा करी टाकसू. मी कितला दिवस पुरसू?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "तुले सांगाशिवाय मन राहिना."

"बरं केलं सांगितलंत," मी म्हणाले. मला आणखी काहीतरी विचारायचं होतं. मुलगी कशी आहे, तिला पोराचं सांगितलंय का, तिला लळा लागेल का. पण त्या गोष्टी विचारायचा हक्क कुठल्या नात्यात बसतो ते मला कळेना.

"कव्हय बी ये," अक्का म्हणाल्या. "घर तुन्हंच शे."

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं होती, मधे कुठे केळीचे बाग. पाचोरा गेल्यावर नाना म्हणाले, "पोरगं गुटगुटीत झालंय."

"हो," मी म्हणाले.

"अक्कांनी चांगलं सांभाळलंय."

"हो."

बराच वेळ गेल्यावर मला वाटलं ते झोपले. पाहिलं तर डोळे उघडे होते. डब्यात एक बाई आपल्या मुलीला माहेरी घेऊन चालली होती. मुलीच्या हातांवर ओली मेंदी होती, ती पुसू नये म्हणून दोन्ही हात वर धरून ती बसली होती. जळगाव आलं तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. आम्ही दोघं स्टेशनाबाहेर आलो आणि रिक्षाची वाट बघत उभे राहिलो.